टू-स्ट्रोकचा दम कुठून आला, आणि गेला कुठे?

आजचा विषय टू-स्ट्रोक. आरएक्स १०० गेली की आजही माना वळतात. इंजिन फक्त ९८ सीसी, ताकद ११ हॉर्सपॉवर. एवढ्याशा इंजिनात एवढा दम आला कुठून? आणि १९९६ मध्ये ती बंद का झाली? दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे.

फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर, दोनदा खाली गेला की एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये एकदा वर, एकदा खाली, की लगेच स्फोट. म्हणजे ताकद जास्त, वजन कमी. पण गोची अशी, की जळालेला धूर बाहेर पडतानाच ताजं मिश्रण आत येतं आणि त्यातलं थोडं न जळताच निसटतं.

यावर तोड काढली पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी. त्यांनी मधे फुगीर, शेवटी निमुळता असा एक्झॉस्ट परिपूर्ण केला. धुराच्या दाबाची लाट निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते आणि निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ पर्यंत १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर मिळू लागली!

त्याच सप्टेंबरमध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून महिना झाला असताना, एमझेडचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पळाला. बायको-मुलांना गाडीच्या डिकीत लपवून पश्चिमेत आणलं गेलं. डेग्नर काडेनचं ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटात सुझुकीला पहिलं विश्वविजेतेपद मिळालं. काडेनच्या हाती मात्र एकही विजेतेपद लागलं नाही.

आता पडती बाजू. लाटेचं हे गणित ठराविक आरपीएमलाच जुळतं. एरवी पेट्रोल वाया जातं, शिवाय ऑइलही पेट्रोलसोबत जळतं, म्हणून निळा धूर. (पुंगळी काढून आवाज वाढतो, ताकद वाढेलच असं नाही, बरं का!) प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे रस्त्यावरचे टू-स्ट्रोक संपत गेले. २०१२ मध्ये १२५ सीसी गटाची जागा फोर-स्ट्रोक मोटो३ ने घेतली आणि जागतिक शर्यतींतूनही ते गेले.

थोडक्यात काय, ज्या साधेपणानं टू-स्ट्रोकला मोठं केलं, त्याच साधेपणानं त्याला संपवलं. भेटू पुढच्या भागात!