अकोले तालुक्यातील शेतकरी स्त्रिया, गावरान बियाणे आणि हवामान बदल

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पूर्वीचा अहमदनगर, हा प्रामुख्याने अवर्षणप्रवण जिल्हा होय. त्यास अपवाद अकोले तालुक्याच्या पश्चिम भागाचा. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड या परिसरात पाऊस उदंड पडतो; परंतु उताराच्या उथळ जमिनीत तो टिकत नाही. भात, नागली, वरई, खुरासणी ही पिके सर्वस्वी पावसाच्या भरवशावर असल्याने त्याच्या वेळापत्रकातील बदलाची झळ येथील आदिवासी कुटुंबांस तत्काळ बसते.

'हवामान बदल' हा शब्द वस्तुतः अभ्यासकांचा. शेतकरी स्त्रीच्या अनुभवात तो मृगाचा पाऊस लांबणे, रोपे लावणीस आली असता उघडीप पडणे आणि कापणीच्या वेळी पाऊस कोसळणे या रूपांनी येतो. ऑक्टोबर २०१९ मधील पावसाने राज्यभर हाताशी आलेली पिके नासली, हे सर्वज्ञात आहे.

अशा वेळी तग धरण्याचा प्रश्न बियाण्यापाशी येऊन ठेपतो. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते आणि पेरणी वाया गेल्यास दुबार पेरणीसाठी पुन्हा पैसा उभा करावा लागतो. घरी राखलेले बियाणे असल्यास हा खर्च टळतो. शिवाय भाताचे हळवे व गरवे असे दोन्ही वाण जवळ असले, तर पाऊस लांबल्यावर कमी दिवसांत निघणारा हळवा वाण निवडता येतो. उत्पन्न थोडे घटते, पण हंगाम हातचा जात नाही. ठसठशीत कणसे निवडणे, वाळवणे, राख वा कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात साठवणे ही कामे परंपरेने स्त्रियांचीच. म्हणून हा निर्णयही मुळात त्यांच्या ज्ञानाचा आहे.

कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी हेच ज्ञान 'बाएफ' संस्थेच्या सहकार्याने बियाणे बँकेच्या रूपात उभे केले. औपचारिक शिक्षण नसलेल्या राहीबाईंचा समावेश २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत झाला, तर २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे नेणाऱ्याने पीक आल्यावर ते दुप्पट परत करावे, असा बँकेचा व्यवहार. येथे एक बाब लक्षणीय वाटते. त्यांच्या कार्याचा आरंभ हवामानाच्या चिंतेतून झालेला नाही. फवारणीच्या अन्नाने घरात आजारपण वाढते, या निरीक्षणातून तो झाला. हवामानाशी जुळवून घेण्याची सोय त्यातून आपसूक झाली.

तथापि गौरवाच्या भरात गावरान वाणांचे उत्पादन संकरितापेक्षा बहुधा कमी असते, हे विसरता येत नाही. त्याहून मोठी अडचण जमिनीच्या मालकीची आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. पीक बुडाल्यावर पंचनामा होतो तो सातबाऱ्यावरील नावाने आणि भरपाईही त्याच नावाच्या खात्यात जमा होते. बियाणे निवडणाऱ्या स्त्रीची नोंद त्या कागदावर बहुतेक वेळा नसतेच.