संस्थानुरूप कर्मचारी-निवड

संस्थानुरूप कर्मचारी-निवड : कामास लागणारे ज्ञान व कौशल्य यांबरोबरच संस्थेची कार्यमूल्ये, रीतिभाती व सहकाऱ्यांचा गट यांच्याशी जुळवून घेऊ शकेल अशा उमेदवाराची निवड करण्याची पद्धती. कर्मचारी-व्यवस्थापनात या संदर्भात अनुरूपतेचे तीन प्रकार मानतात : कामाशी, गटाशी आणि संस्थेशी असलेली अनुरूपता.

यांपैकी कामाशी असलेल्या अनुरूपतेचा शास्त्रीय अभ्यास प्रथम सुरू झाला. जर्मन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग (१८६३–१९१६) याने ट्रामचालकांच्या निवडीसाठी अवधानाची कसोटी तयार केली. संस्थेशी असलेल्या अनुरूपतेकडे अभ्यासकांचे लक्ष त्यानंतर बऱ्याच काळाने वळले. बेंजामिन श्नायडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार विशिष्ट वृत्तीच्या व्यक्ती विशिष्ट संस्थेकडे आकृष्ट होतात, संस्था त्यांतून आपल्यासारख्यांना निवडते आणि न जुळणारे यथाकाल सोडून जातात. परिणामी संस्थेतील माणसे उत्तरोत्तर एकसारखी होत जातात. अशा एकजिनसीपणामुळे प्रारंभी सहकार्य सुलभ होते. पण परिस्थिती पालटल्यास तिच्याशी जुळवून घेण्याची संस्थेची क्षमता त्यामुळे उणावते, असा इशारा श्नायडरने दिला.

‘आपल्यात बसणारा माणूस’ हा निकष सैल राहिल्यास काय घडते, याचे उद्‌बोधक उदाहरण मुंबईच्या कापडगिरण्यांत आढळते. तेथे कामगारभरती दीर्घकाळ जॉबरच्या हाती होती. तो बहुधा आपल्या गावची, नात्यातील वा जातीतील माणसे कामावर लावी. त्यामुळे ओळखीची व परस्परांना सांभाळून घेणारी माणसे एकत्र येत व नवख्यास शहरात आधार मिळे. तथापि नोकरी मिळणे आणि टिकणे जॉबरच्या मर्जीवर अवलंबून राही व त्यासाठी दस्तुरीही द्यावी लागे. विणकाम खात्यात तर अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेशच नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्याने विटाळाची सबब पुढे केली जाई. तुलनेने अधिक वेतनाची कामे अशा रीतीने त्यांना बंद झाली. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न मांडला. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घेऊन तो कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावा, अशी शिफारस केली.

हा दोष केवळ जुन्या उद्योगांपुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील उच्चभ्रू व्यावसायिक संस्थांच्या भरतीचा समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी अभ्यास केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाखत घेणारे उमेदवाराचे छंद, अनुभव व वागण्याची ढब आपल्याशी जुळते का, यास फार महत्त्व देतात आणि कित्येकदा कार्यक्षमतेपेक्षाही अधिक वजन देतात, असे त्यांना आढळले.

म्हणून कार्यमूल्यांची अनुरूपता आणि सामाजिक साधर्म्य यांत काटेकोर भेद करणे आवश्यक ठरते. चूक झाल्यास ती न लपविणे, रुग्ण वा ग्राहक यांच्याशी सौजन्याने वागणे, मतभेद असूनही ठरलेले काम पार पाडणे ही मूल्ये वर्तनातून पारखता येतात. आडनाव, गाव, भाषेची धाटणी किंवा आहार यांवरून ती कळत नाहीत. यासाठी अपेक्षित वर्तन जाहिरातीपूर्वीच लेखी निश्चित करणे, सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारणे, कामाचा नमुना करून घेणे, प्रत्येक परीक्षकाने चर्चेपूर्वी स्वतंत्र गुण देणे आणि नकाराचे कारण नोंदविणे हे उपाय योजतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ अन्वये राज्याच्या सेवेत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवास यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे.

निवड झाल्यावरही अनुरूपतेचा प्रश्न संपत नाही. नव्या कर्मचाऱ्यास संस्थेच्या रीती समजावून देणे आणि त्याने आणलेल्या वेगळ्या दृष्टीला गटात वाव देणे, या दोन्ही गोष्टींवर निवडीचे यश अवलंबून असते.