इंदूर शहरातील मतदानाचा कल : एक अभ्यास

प्रस्तावना

इंदूर हे मध्य प्रदेशातील सर्वांत मोठे शहर होय. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे 20 लाख असून त्यात मुस्लिम समाजाचे प्रमाण सुमारे 14 टक्के होते. 1989 पासून हा लोकसभा मतदारसंघ भारतीय जनता पक्षाकडे असल्यामुळे त्यास सर्रास 'बालेकिल्ला' म्हटले जाते. परंतु या एका शब्दाने मतदाराचे वर्तन समजत नाही. निवडणुकीच्या आकड्यांतून मतदाराविषयी काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

1948 मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा इंदूर हे कापड गिरण्यांचे शहर होते. मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांतील कामगार संघटनांना राजकारणात मोठे वजन होते. 1952 व 1957 मध्ये येथून काँग्रेसचे खासदार निवडून आले. मात्र 1962 मध्ये साम्यवादी कामगार नेते होमी दाजी अपक्ष म्हणून विजयी झाले. 1967 व 1971 मध्ये काँग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी, 1977 मध्ये जनता पक्षाचे कल्याण जैन, तर 1980 व 1984 मध्ये पुन्हा सेठी निवडून आले. म्हणजेच सुरुवातीच्या तीन दशकांत इंदूरच्या मतदाराने काँग्रेस, डावे व जनता पक्ष या तिघांनाही संधी दिली होती.

1989 मध्ये सुमित्रा महाजन यांनी सेठी यांचा पराभव केला आणि त्यानंतर 2014 पर्यंत सलग आठ वेळा त्या निवडून आल्या. याच काळात गिरण्याही बंद पडत गेल्या. हुकुमचंद गिरणी डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली. तेथील कामगारांच्या थकीत देण्यांपोटी सुमारे 224 कोटी रुपये देण्याची प्रक्रिया डिसेंबर 2023 मध्ये, 32 वर्षांनंतर झाली. गिरणी बंद झाली की पाळीबरोबर एकत्र येणारा कामगार विखुरतो आणि संघटनेची जागा वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांचे जाळे घेते. गिरणी भाग मोडणाऱ्या इंदूर-2 या विधानसभा मतदारसंघात 1993 पासून भाजपच विजयी होत आला आहे. या बदलाचे हे एकमेव कारण नसले तरी ते दुर्लक्षिण्याजोगे नाही.

समाजाच्या बेरजेचा भ्रम

अमुक समाजाची मते अमुक पक्षाला, अशी बेरीज करण्याची सवय सर्वत्र आढळते. इंदूरचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. होमी दाजी पारशी होते व शहरात पारशी मतदार अगदीच थोडे. सुमित्रा महाजन मूळच्या चिपळूणच्या. इंदुरात मराठी भाषकांची परंपरा जुनी असली तरी ते बहुसंख्य नाहीत. 2019 पासूनचे खासदार शंकर लालवानी सिंधी समाजातील आहेत. या विजयांचा उलगडा केवळ स्वसमाजाच्या मतांनी होत नाही.

खजराण्यासारख्या मुस्लिमबहुल वस्तीविषयी बोलतानाही हीच दक्षता हवी. मतदान केंद्रनिहाय आकडे 'नमुना 20' मध्ये उपलब्ध असतात. त्यावरून त्या केंद्रावर कोणास किती मते पडली हे कळते. ती कोणी दिली हे कळत नाही. मतदान गुप्त असते. केंद्राच्या आकड्यावरून व्यक्तीचे किंवा संपूर्ण समाजाचे मत ठरविणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे.

मताधिक्याचा अर्थ

2009 मध्ये महाजन यांचे मताधिक्य केवळ 11,480 होते. 2014 मध्ये ते 4,66,901 झाले. 2018 च्या विधानसभा निवडणुकीत इंदूर जिल्ह्यातील 9 पैकी 4 जागा काँग्रेसने जिंकल्या आणि अवघ्या सहा महिन्यांनी लोकसभेत लालवानी 5,47,754 मतांनी विजयी झाले. राज्यासाठी व केंद्रासाठी अनेक मतदार वेगवेगळा निर्णय घेतात, असे यावरून दिसते. 2023 मध्ये मात्र जिल्ह्यातील सर्व 9 जागा भाजपने जिंकल्या.

2024 चे उदाहरण आणखी बोलके आहे. काँग्रेसच्या उमेदवाराने 29 एप्रिल रोजी अर्ज मागे घेतला व तो भाजपमध्ये दाखल झाला. काँग्रेसने मतदारांना 'नोटा'चे आवाहन केले. 13 मे रोजी मतदान झाले. लालवानी यांना 12,26,751 मते मिळाली आणि मताधिक्य 11,75,092 झाले. 'नोटा'ला 2,18,674, म्हणजे सुमारे 14 टक्के मते पडली. हे मताधिक्य लोकप्रियतेबरोबरच प्रमुख प्रतिस्पर्ध्याच्या अनुपस्थितीचेही निदर्शक आहे. त्याची 2019 शी थेट तुलना करणे योग्य नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निर्णयाने 'नोटा'चा पर्याय मिळाला, पण लोकसभा निवडणुकीत त्याची मते सर्वाधिक असली तरी उमेदवारांपैकी अग्रस्थानी असलेलाच विजयी ठरतो. मतदाराला नापसंती नोंदविता येते, परंतु मतपत्रिकेवर नसलेला पर्याय निर्माण करता येत नाही.

निष्कर्ष

निकालाचा आकडा वाचताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावता येईल : निवडणूक कोणत्या सभागृहाची होती? मतदारासमोर खरे पर्याय किती होते? आणि आकडा केंद्राचा आहे की व्यक्तीचा? पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या तरुणाला आपले मत समाजाच्या हिशेबात आधीच धरले गेले आहे असे वाटू लागले, तर तो केंद्रावर जाण्याचे कष्ट कशाला घेईल? आकड्यांचे नीट वाचन त्याला हे दाखवू शकते की त्याचे मत अजून कोणीही मोजलेले नाही.