रात्रीही न निवणारी शहरे

उन्हाळा आला की वृत्तपत्रांत कमाल तापमानाचे आकडे ठळकपणे छापले जातात आणि कचेऱ्यांतून, शिक्षकांच्या खोल्यांतून त्यांची चर्चा होते. किमान तापमानाच्या आकड्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक प्रकृतीच्या दृष्टीने तोही तितकाच महत्त्वाचा होय. दिवसभर उन्हाने शिणलेले शरीर रात्रीच्या गारव्यात सावरते; हा विसावाच नाहीसा झाला, तर दुसऱ्या दिवसाचे ऊन त्याला सोसवत नाही. आज शहरांतून हरवत चालला आहे तो नेमका हा गारवा; आणि त्याचे सारे खापर सूर्यावर फोडता येणार नाही.

शहर भोवतालच्या प्रदेशापेक्षा उष्ण असते, हे ज्ञान नवे नव्हे. लंडनचा हवामान-निरीक्षक ल्यूक हॉवर्ड याने शहरातील आणि बाहेरील नोंदी ताडून पाहिल्या व रात्री शहर सुमारे दोन अंश सेल्सिअसने अधिक उबदार राहते, असे १८१८ नंतर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. त्या काळी मोटारी नव्हत्या, सिमेंटचे रस्तेही नव्हते. आज दोन्ही आहेत. डांबर आणि काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतात व सूर्यास्तानंतर ती सावकाश बाहेर टाकतात. उंच इमारती दाटीने उभ्या राहिल्या की आकाशाकडे निघून जाणारी उष्णता भिंतींमध्येच अडकते आणि वाराही अडतो.

पाण्याचे आणि झाडांचे देणे

संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून अंथरूण घालणाऱ्या पिढीला यामागील शास्त्र अनुभवाने ठाऊक होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. साधे आठ लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला जवळजवळ तेवढीच उष्णता लागते. झाडे पानांवाटे हेच काम विनामूल्य करीत असतात. झाड तोडले, ओढा बुजवला आणि मोकळ्या मातीवर फरशी घातली, म्हणजे शहराची ही व्यवस्थाच आपण मोडीत काढतो. त्यानंतर वातानुकूलन यंत्र विकत घेतो. हे यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. खोलीतील उष्णता, स्वतः वापरलेल्या विजेच्या उष्णतेसह, ते गल्लीत सोडते. एकाच्या गारव्याची किंमत अशा रीतीने शेजारच्या पत्र्याच्या घराला मोजावी लागते.

ही किंमत किती जबर असू शकते, हे अहमदाबादने अनुभवले आहे. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातून धडा घेऊन तेथील महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णताविरोधी कृती आराखडा तयार केला. आगाऊ इशारे, डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि पिण्याच्या पाण्याची सोय ही त्याची प्रमुख अंगे होती. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा चुना देण्याच्या उपक्रमाचीही त्यात भर पडली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये शीतल छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

कायदा आहे, सावली नाही

चुन्याने सारे प्रश्न सुटतील, असे अर्थातच नव्हे. धुळीने पांढरा रंग मळतो. तो वरचेवर द्यावा लागतो. कोरड्या विदर्भात बाष्पीभवनाने जो गारवा मिळतो, तो दमट मुंबईत तितका मिळणार नाही. तेथे सावलीला आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याची वाट मोकळी ठेवण्याला अधिक महत्त्व द्यावे लागेल. महाराष्ट्रात नागरी वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून अस्तित्वात आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा-वृक्षाचा दर्जाही मिळाला आहे. तथापि, तोडलेल्या वटवृक्षाच्या बदल्यात शहराबाहेर लावलेली रोपे कागदावरचा हिशेब पूर्ण करतात. बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती सावली देत नाहीत.

म्हणून शहर निववणे हे नागरिकाच्या खरेदीशक्तीवर सोडून देण्याचे काम नव्हे. पाणीपुरवठा व दिवाबत्ती यांप्रमाणेच ते नगरपालिकेचे कर्तव्य मानले गेले पाहिजे, आणि त्याचा आरंभ पालिकेच्या शाळांची छपरे, दवाखाने आणि पत्र्याच्या वस्त्या येथून झाला पाहिजे. अंदाजपत्रकात नव्या उड्डाणपुलासाठी किती कोटी ठेवले, हे आपण आवर्जून वाचतो. सावलीसाठी किती ठेवले, हा प्रश्नही यापुढे तितक्याच आग्रहाने विचारला गेला पाहिजे.