उलथापालथ म्हणजे समतोल नव्हे

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी आणि बास्केटबॉल यांची तुलना निघाली की एक विधान हमखास ऐकू येते. नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे एनएचएलने, प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर कडक मर्यादा घातल्यामुळे तिथले संघ तुल्यबळ झाले आणि म्हणूनच आठव्या मानांकनाचा संघ पहिल्याला घरी पाठवू शकतो. उलट नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनची, म्हणजे एनबीएची, मर्यादा सैल असल्याने श्रीमंत संघ अव्वल खेळाडू गोळा करतात आणि बाद फेरीचे निकाल आधीच ठरल्यासारखे लागतात, असे ते विधान. दर वसंतात एखाद्या बलाढ्य हॉकी संघाचे पानिपत झाले की हाच युक्तिवाद नव्याने मांडला जातो. त्यातले निरीक्षण बरोबर आहे. मात्र त्याला जोडलेले कारण चुकीचे आहे आणि ‘समतोल’ मोजण्यासाठी वापरलेले मापही चुकीचे आहे.

आधी निरीक्षणाविषयी. दोन्ही लीगची चौकट जवळजवळ सारखी असल्यामुळे त्यांची तुलना रास्त ठरते : दोन्हींत प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो, बाद फेरीच्या मुख्य टप्प्यात १६ संघ उतरतात, आणि प्रत्येक लढत सात सामन्यांच्या मालिकेने ठरते, म्हणजे जो संघ आधी चार सामने जिंकेल तो पुढे जातो. एनबीएमध्ये १९८४ पासून बाद फेरीत १६ संघ येऊ लागले. तेव्हापासून २०२५ पर्यंत आठव्या मानांकनाने पहिल्याला हरवल्याच्या घटना फक्त सहा आहेत : १९९४ मध्ये डेन्व्हर, १९९९ मध्ये न्यूयॉर्क, २००७ मध्ये गोल्डन स्टेट, २०११ मध्ये मेम्फिस, २०१२ मध्ये फिलाडेल्फिया आणि २०२३ मध्ये मायामी. त्यातही पहिल्या दोन घटना पहिली फेरी पाच सामन्यांची असतानाच्या आहेत. हॉकीत मात्र ६२ सामने जिंकून आलेल्या टॅम्पा बेला २०१९ मध्ये कोलंबसने ४-० असे बाहेर काढले, ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम करणाऱ्या बोस्टनला २०२३ मध्ये ९२ गुणांच्या फ्लोरिडाने हरवले, आणि लॉस एंजेलिस किंग्जने तर २०१२ मध्ये आठव्या मानांकनावरून थेट स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला.

वेतनमर्यादेच्या सिद्धांताची पहिली अडचण कालक्रमाची आहे. एनएचएलमध्ये ही मर्यादा २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत रद्द झाल्यानंतर, २००५-०६ पासून लागू झाली. ती जर या धक्कादायक निकालांचे मूळ असती तर त्याआधीच्या बाद फेऱ्या निवांत गेल्या असत्या. प्रत्यक्षात १९८२ मध्ये, वेन ग्रेट्झकीने एकाच हंगामात ९२ गोल केले त्या वर्षी, १११ गुणांच्या एडमंटनला ६३ गुणांच्या लॉस एंजेलिसने हरवले आणि त्या मालिकेतील एक सामना तर ०-५ अशा पिछाडीवरून खेचून आणला. १९९१ मध्ये लीगमध्ये अव्वल ठरलेल्या शिकागोला ६८ गुणांच्या मिनेसोटाने पहिल्याच फेरीत गारद केले, १९९४ मध्ये सॅन होजेने डेट्रॉइटला आणि २००० मध्ये सेंट लुइसला धक्का दिला, तर २००३ मध्ये गतविजेत्या डेट्रॉइटला अनाहाइमने एकही सामना जिंकू दिला नाही. या साऱ्या काळात एनएचएलमध्ये अशी कोणतीही मर्यादा नव्हती.

दुसऱ्या बाजूला एनबीएने वेतनमर्यादा १९८४-८५ मध्येच, म्हणजे हॉकीच्या दोन दशके आधी आणली. यावर उत्तर ठरलेले असते, की ती मर्यादा सैल आहे. आणि ते खरेही आहे, कारण आपल्याच खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना संघाला मर्यादा ओलांडता येते आणि पुढे जादा खर्चावर कर भरावा लागतो. पण सैल मर्यादेमुळे निकाल अंदाजाबरहुकूम लागत असतील, तर मर्यादाच नसलेल्या २००५ पूर्वीच्या हॉकीत ते त्याहून अधिक अंदाजाबरहुकूम लागायला हवे होते. ते तसे लागले नाहीत, एवढी साधी गोष्ट हा युक्तिवाद करणारे वर्षानुवर्षे लक्षात घेत नाहीत.

खरे कारण खेळाच्या रचनेत आहे. हॉकीत एक संघ एका सामन्यात गोलाच्या दिशेने साधारण ३० अचूक फटके मारतो आणि त्यांतून सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या हाती साधारण १०० वेळा चेंडू येतो आणि दर वेळी गुण मिळवण्याची संधी असते. संधी जितक्या जास्त, तितके योगायोग एकमेकांना छेद देतात आणि कौशल्यातील फरक वर येतो. हॉकीतल्या दोन्ही संघांची सरासरी तीन-तीन गोलांची धरली आणि गोल एकमेकांपासून स्वतंत्रपणे होतात असे मानले, तर केवळ योगायोगाने गोलफरकात होणारा चढउतार, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, सुमारे अडीच गोलांचा निघतो. दर सामन्यात सरासरी अर्ध्या गोलाने सरस असणारा संघ हंगामाअखेर ४१ गोलांची आघाडी मिळवून तक्त्यात वर दिसतो खरा, पण एका रात्रीपुरते पाहिले तर त्याच्या अर्ध्या गोलाच्या वर्चस्वासमोर अडीच गोलांचा योगायोग उभा असतो, आणि म्हणून तो शंभरांतले ५८ च्या आसपास सामने जिंकतो.

याचा मालिकेवर होणारा परिणाम कोणालाही कागदावर पडताळता येतो. सरस संघ शंभरांतले ५७ सामने जिंकणार असेल, तर सात सामन्यांची मालिका तो जिंकण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के असते. तोच संघ शंभरांतले ६७ सामने जिंकणार असेल तर ती ८३ टक्क्यांवर जाते. सामन्यामागे दहा टक्क्यांचा फरक मालिकेत जवळजवळ दुप्पट होतो. मायकेल लोपेझ, ग्रेगरी मॅथ्यूज आणि बेंजामिन बॉमर या संख्याशास्त्रज्ञांनी सट्टाबाजारातील भावांच्या आधारे अमेरिकेतील चार प्रमुख लीगमधील संघांचे बळ मोजले आणि तो अभ्यास २०१८ मध्ये ‘ॲनल्स ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एनबीएच्या सात सामन्यांच्या मालिकेत सरस संघ पुढे जाण्याची जितकी खात्री असते, तितकी एनएचएलमध्ये हवी असेल तर ५१ सामन्यांची मालिका खेळवावी लागेल, असा हिशेब त्यातून निघाला. वेतनाच्या नियमांत कितीही फेरफार केले तरी ही दरी बुजणारी नाही.

रचनेचा दुसरा भाग खेळाडूंच्या वाट्याला येणाऱ्या वेळेचा आहे. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू असतात आणि बाद फेरीत अव्वल खेळाडू ४८ मिनिटांपैकी चाळीसच्या आसपास मिनिटे खेळतो, त्यामुळे एका असामान्य खेळाडूचा प्रभाव सामनाभर टिकतो. हॉकीत गोलरक्षकाखेरीज १८ खेळाडू आळीपाळीने बर्फावर उतरतात आणि उत्तमातला उत्तम आघाडीपटूही ६० मिनिटांपैकी २० ते २२ मिनिटेच खेळतो. उरलेल्या वेळात सामना संघातल्या साध्या खेळाडूंच्या हाती असतो. शिवाय बास्केटबॉलमध्ये उंचीला असलेले महत्त्व पाहता तिथे लागणारे खेळाडू जगातच मोजके आहेत. डेव्हिड बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एनबीएतील असमतोलाची कारणमीमांसा नेमकी याच आधारावर केली होती : गुणवत्तेचा साठा लहान असला की अव्वल आणि सामान्य खेळाडूंमधली दरी मोठी राहते, आणि ती दरी मालकाच्या तिजोरीवर अवलंबून नसते.

किंबहुना एनबीएतील बलाढ्य संघ मर्यादा मोडूनच उभे राहतात, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश हे २०१० मध्ये मायामीत एकत्र आले ते मर्यादेखाली मोकळी केलेली जागा वापरून. केव्हिन ड्युरंट २०१६ मध्ये गोल्डन स्टेटमध्ये गेला तोही मर्यादा एकाच वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेल्याने झालेल्या जागेत. एनबीएने १९९९ पासून एका खेळाडूच्या वेतनावरही कमाल मर्यादा घातली असल्यामुळे सर्वोत्तम खेळाडू त्याच्या खऱ्या मोलापेक्षा स्वस्त पडतो, आणि असे दोघे-तिघे एकाच संघात बसवणे अवघड न होता सोपे होते.

आता मापाविषयी. समतोलाचे किमान दोन अर्थ आहेत : एकाच हंगामात दुबळा संघ बलवान संघाला हरवू शकतो का हा एक, आणि वर्षागणिक विजेतेपद वेगवेगळ्या संघांकडे जाते का हा दुसरा. यांची गल्लत केली की विचित्र निष्कर्ष निघतात. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत एनबीएला सात वेगवेगळे विजेते मिळाले : टोरोंटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन आणि ओक्लाहोमा सिटी. मात्र त्यांतील एकही तिसऱ्याहून खालच्या मानांकनाचा नव्हता, म्हणजे प्रत्येक वर्षी अपेक्षित संघांपैकीच कोणीतरी जिंकला, फक्त अपेक्षित संघ दर वर्षी बदलत गेला. त्याच सात वर्षांत एनएचएलमध्ये टॅम्पा बे आणि फ्लोरिडा यांनी प्रत्येकी दोन विजेतेपदे घेतली आणि २०२० पासून २०२५ पर्यंतच्या प्रत्येक अंतिम लढतीत या दोघांपैकी एक संघ होता. त्याआधी २०१० ते २०१५ या सहा वर्षांतले सहाही कप शिकागो, लॉस एंजेलिस आणि बोस्टन या तीन संघांतच वाटले गेले. मर्यादेमुळे शिकागोला २०१० च्या विजेत्या संघातील अनेक खेळाडू सोडावे लागले होते, तरीही तो २०१३ आणि २०१५ मध्ये पुन्हा जिंकलाच.

हॉकीचा गुणतक्ताही संघ तुल्यबळ असल्याच्या भ्रमाला खतपाणी घालतो. १९९९-२००० पासून नियमित हंगामात जादा वेळेत हरणाऱ्या संघालाही एक गुण मिळतो, त्यामुळे काही सामन्यांत दोनऐवजी तीन गुण वाटले जातात आणि संघ एकमेकांच्या जवळ दिसू लागतात. २०२२-२३ मधील फ्लोरिडाची नोंद ४२-३२-८ (विजय, पराभव, जादा वेळेतील पराभव) अशी छापली जाते आणि वाचणाऱ्याला वाटते की हा संघ पराभवांपेक्षा दहा विजयांनी पुढे होता; प्रत्यक्षात त्याने ४२ सामने जिंकले आणि ४० गमावले. तक्त्यातली ही दाटी पाहून संघांच्या बळाबद्दल अनुमान काढणे म्हणजे लीगच्या गुणपद्धतीलाच संघांची गुणवत्ता समजणे होय.

उरलेले गैरसमज थोडक्यात आटोपता येतात.

‘मालिका फिरवतो तो तापलेला गोलरक्षक.’ नेहमी ९१ टक्के फटके अडवणारा गोलरक्षक सात सामन्यांत सुमारे २१० फटक्यांना सामोरा जातो आणि एवढ्या नमुन्यात नुसत्या योगायोगाने त्याची टक्केवारी दोन टक्क्यांनी वरखाली होते, त्यामुळे ९३ टक्के दिसले की त्याला लगेच चमत्कार म्हणण्याचे कारण नाही.

‘बर्फावरचे निकाल बेभरवशाचे, कारण ते शूटआउटवर ठरतात.’ बाद फेरीत शूटआउट नसतेच. गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांची सत्रे चालू राहतात.

‘एनबीएचे निकाल अंदाजाने सांगता येतात, म्हणजे ते ठरवलेले असतात.’ ७३ सामने जिंकण्याचा विक्रम करणारा गोल्डन स्टेट २०१६ च्या अंतिम लढतीत ३-१ अशी आघाडी घेऊन हरला. शक्यता जास्त असणे आणि निकाल निश्चित असणे यांतला फरक शाळेतल्या गणिताचा आहे.

‘नियमित हंगामात अव्वल ठरणाऱ्याला मिळणाऱ्या प्रेसिडेंट्स ट्रॉफीला शाप आहे.’ वेतनमर्यादा आल्यापासून २०२५ पर्यंतच्या २० हंगामांत २००८ मध्ये डेट्रॉइट आणि २०१३ मध्ये शिकागो, असे दोनच संघ ही ट्रॉफी घेऊन कपही जिंकले, हे खरे. पण प्रत्येक मालिका जिंकण्याची शक्यता ६५ टक्के धरली तर सलग चार मालिका जिंकण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे २० हंगामांत तीन-चार कप अपेक्षित असताना दोन मिळाले. एवढ्या तफावतीला शापाची गरज लागत नाही.