स्ट्रॉबेरीतला डीएनए पाहू या!

पुण्याहून पिरंगुट, मुठा, टेमघर असा घाट चढून गेले की मोसे खोऱ्यात वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा लागते. या मुळशीच्या डोंगरात उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे पिकतात. बाजारात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, जळगावची केळी येतात. यांतले कोणतेही फळ हातात घ्या, त्याच्या पेशींत डीएनए असतो. झाडाचे गुणधर्म पुढच्या पिढीत नेणारा हा रेणू शाळेच्या वर्गात, सूक्ष्मदर्शकाशिवाय वेगळा काढता येतो. लागणारे सामान किराणा दुकानात आणि औषधाच्या दुकानात मिळते.

या प्रयोगासाठी स्ट्रॉबेरी उत्तम. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत सहज मिळते. पिकताना तिच्यातली विकरे पेशीभित्तिका सैल करतात, त्यामुळे फळ चटकन कुस्करते. शिवाय माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर लागवडीच्या स्ट्रॉबेरीत आठ. म्हणजे सातच्या आठ संचांत एकूण 56 गुणसूत्रे. पण म्हणून तिच्या पेशीत माणसापेक्षा जास्त डीएनए असतो, असे समजू नये. तिची गुणसूत्रे लहान आहेत आणि एकूण डीएनए माणसाच्या पेशीतल्यापेक्षा कमीच भरतो.

प्रयोग असा करावा. अर्धा पेला पाण्यात भांडी घासायचा दोन चमचे द्रव साबण आणि अर्धा चमचा मीठ घालून, फेस होऊ न देता हलकेच ढवळावे. एका पिकलेल्या स्ट्रॉबेरीचे हिरवे देठ काढून ती प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घालावी आणि बोटांनी नीट कुस्करावी. त्यात तयार द्रावणाचे दोन-तीन चमचे घालून आणखी मिनिटभर हलके मळावे. मग ते स्वच्छ सुती फडक्यातून काचेच्या पेल्यात गाळून घ्यावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलची घट्ट बंद बाटली आधीच बर्फात ठेवून गार केलेली असावी. पेला तिरका धरून, गाळलेल्या रसाच्या साधारण दुप्पट अल्कोहोल कडेने सावकाश सोडावे. ते हलके असल्याने वर तरंगते. पेला हलवू नये. काही मिनिटांत लाल रस आणि स्वच्छ अल्कोहोल यांच्या सीमेवर पांढुरका, बुडबुडे अडकलेला, शेवाळासारखा पुंजका वर येऊ लागतो. बांबूची काडी त्यात फिरवली की तो तिला गुंडाळला जातो.

अल्कोहोल चटकन पेट घेते. म्हणून जवळ स्पिरिटचा दिवा किंवा शेगडी नको, खिडक्या उघड्या हव्यात आणि अल्कोहोल ओतताना शिक्षक शेजारी हवेत. प्रयोगातले काहीही तोंडात घालू नये.

या कृतीतल्या प्रत्येक पदार्थाचे काम ठरलेले आहे. पेशीचे आणि तिच्या केंद्रकाचे पटल मेदाचे असते. भांड्यावरचा तेलकटपणा काढणारा साबण तेही फोडतो आणि डीएनए बाहेर पडतो. डीएनएच्या कण्यावरच्या फॉस्फेट गटांवर ऋणभार असतो, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना दूर लोटतात. मिठातले सोडियमचे धनभारित आयन हा भार झाकतात, म्हणून रेणू जवळ येऊ शकतात. डीएनए पाण्यात विरघळतो, अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. त्यामुळे दोन्हींच्या सीमेवर तो साकळतो. गारव्याने हे काम अधिक चांगले होते.

मात्र काडीवरचा पुंजका शुद्ध डीएनए नसतो. त्यात आरएनए, प्रथिने आणि फळातले पेक्टिनही मिसळलेले असते. तसेच, दिसणारा तंतू म्हणजे एक रेणू नव्हे. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची जाडी जेमतेम 2 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या सुमारे 40 हजाराव्या भागाएवढी. असंख्य रेणू एकत्र आल्यामुळेच तो आपल्या डोळ्यांना दिसतो.

हे द्रव्य सर्वप्रथम वेगळे केले ते स्विस संशोधक फ्रीडरिश मीशर यांनी, 1869 साली. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या स्वयंपाकघराच्या जागी थाटलेल्या प्रयोगशाळेत त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातल्या पेशी मिळवल्या. केंद्रकातून निघालेल्या, फॉस्फरस असलेल्या या पदार्थाला त्यांनी ‘न्यूक्लीन’ म्हटले. त्याचे आनुवंशिक काम सिद्ध व्हायला 1944 साल उजाडावे लागले आणि रचना उलगडली ती 1953 मध्ये. पुण्यात पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूस आंब्याच्या स्वाद-सुगंधामागच्या जनुकांचा अभ्यास झाला आहे. अशा अभ्यासाची पहिली पायरीही पेशी फोडून आतले न्यूक्लिइक आम्ल बाहेर काढणे हीच असते.

म्हणून शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे, की हा प्रयोग नुसता दाखवू नका, मुलांना स्वतः करू द्या. एका गटाला मीठ वगळू द्या, दुसऱ्याला साबण, तिसऱ्याला गार न केलेले अल्कोहोल वापरू द्या. स्ट्रॉबेरी नसेल तर केळे घ्या. प्रत्येक पेल्यात काय फरक पडला ते मुलांनी वहीत लिहावे आणि त्याचे कारण एकमेकांना सांगावे. ‘डीएनए फक्त जनुकीय बदल केलेल्या फळांतच असतो’ हा गैरसमज त्यातून आपोआप दूर होईल, आणि पाठ्यपुस्तकातली आकृती खऱ्या पदार्थाची आहे हे मुलांना कायमचे पटेल.