संकरज बीजापासून स्थिर वाण : हेम्पचे उदाहरण

संकरज बियाण्याचे पीक उत्तम आले, की त्याचेच बी पुढील वर्षी पेरण्याचा मोह होतो. आणि बहुधा निराशाच पदरी येते. दोन शुद्ध जनकांच्या संकरातून निपजलेली पहिली पिढी एकसारखी असते, कारण तिच्यातील प्रत्येक झाड सारख्याच प्रमाणात विषमरंदुकी असते. दुसऱ्या पिढीत मेंडेलने १८६६ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे गुण विलग होतात. म्हणून जनकसदृश संतती देणारा वाण सिद्ध करणे म्हणजे ही विषमरंदुकता क्रमाक्रमाने घटविणे होय.

गव्हासारख्या स्वफलित पिकात हे कार्य निसर्गच करतो. जनकांमध्ये भिन्न असलेल्या जीनांपुरती विषमरंदुकता दर पिढीस निम्मी होत जाते आणि सहाव्या पिढीत ती सुमारे ३ टक्के उरते. हेम्पची, म्हणजे ज्या वनस्पतीपासून भांग व गांजा मिळतो तिच्याच धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या प्रकारांची, गोष्ट निराळी आहे. (आपल्याकडील अंबाडी व ताग या सर्वस्वी भिन्न वनस्पती होत.) हेम्पमध्ये सामान्यतः नर व मादी झाडे वेगळी असून पराग वाऱ्याने वाहतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांचा संयोग घडविणे हा एक मार्ग उरतो. परंतु त्याने तिसऱ्या पिढीतही विषमरंदुकता सरासरी ५० टक्केच राहते, आणि सहाव्या पिढीत ती २५ टक्क्यांवर येते. दुसरा मार्ग असा, की मादी झाडावर सिल्व्हर थायोसल्फेट फवारून त्यास नरपुष्पे आणावयाची व त्याच्याच परागाने स्वफलन घडवावयाचे. अशा परागात केवळ एक्स गुणसूत्र असल्याने सर्व संतती मादी निपजते.

निवडीतही एक अडचण आहे. धाग्याचे प्रमाण कळेपर्यंत नराने पराग उधळलेला असतो. जर्मन संशोधक ब्रेडेमान यांनी यावर सोपा उपाय योजला. फुलोऱ्यापूर्वी नराचे खोड उभे चिरून एक भाग तपासावयाचा व उरलेला भाग उभा ठेवावयाचा. धागा कमी आढळल्यास झाड फुलण्यापूर्वीच काढून टाकावयाचे.

या विषयाला आज कायद्याचेही अंग आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार धागा व बियांसाठी लागवडीस परवानगी देता येते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये अशी लागवड सुरू केली, तेव्हा मादक द्रव्य टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. द मायर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले, की टीएचसी अथवा सीबीडी यांपैकी कोणते द्रव्य प्रबळ राहावे हे मुख्यतः एका स्थानावरील दोन सहप्रभावी जीन-रूपांवर ठरते. दुसऱ्या पिढीत सीबीडीप्रधान, मिश्र व टीएचसीप्रधान झाडे १:२:१ या प्रमाणात येतात. मिश्र झाडे रासायनिक परीक्षणाने ओळखू येतात, हे संवर्धकाचे सुदैव होय.

परंतु ती वगळली नाहीत तर काय होते? समजा, बियाण्यात दहांपैकी एक झाड मिश्र आहे व उरलेली शुद्ध सीबीडीप्रधान आहेत. मुक्त परागणाने पुढील पिढीत सुमारे ४०० झाडांमागे एक टीएचसीप्रधान निघेल आणि मिश्र झाडांचे प्रमाण जवळजवळ तेवढेच, म्हणजे ९.५ टक्के, राहील. दोष आपोआप नाहीसा होत नाही. त्याचा दंड मात्र बियाणे विश्वासाने घेणाऱ्या शेतकऱ्यास भरावा लागतो.

याउलट, शुद्धतेचा अतिरेकही घातक ठरतो. परपरागित पिकात दीर्घ अंतःप्रजननाने जोम व बीजधारणा खालावते. म्हणून महत्त्वाच्या गुणांत एकरूप, पण इतर बाबतींत भिन्न अशी अनेक कुले राखून त्यांचा परस्पर संयोग घडविणे श्रेयस्कर. हेम्पमधील स्थिर वाण हा बहुधा एका शुद्ध वंशापेक्षा असा नियंत्रित समूहच असतो. तोही टिकतो तो जपणुकीनेच. हिमालयाच्या पायथ्याशी रानोमाळ वाढणाऱ्या भांगेचा पराग शेतात आला, तर अनेक पिढ्यांचे श्रम एका हंगामात वाया जातात. बीजक्षेत्राचे विलगीकरण आणि दर पिढीतील परीक्षण ही म्हणूनच वाणनिर्मितीच्याच कार्याची अंगे समजली पाहिजेत.